एक नंबरची जागा

पत्रकावरच्या अकरा कुस्त्या लिहून झाल्या होत्या. सगळ्यात वरची, एक नंबरची ओळ मात्र कोरीच होती. यात्रा आठ दिवसांवर आलेली, आणि विट्याच्या छापखान्यातून दर दोन तासांनी फोन येत होता, "अण्णा, नावं सांगा, फ्लेक्स अडलाय."

खानापूर तालुक्यातल्या आमच्या पाहुण्यांच्या गावी मी दोन दिवस देवळाच्या सभामंडपात यात्रा कमिटीशेजारी बसून होतो. वही सांभाळायला निवृत्त गुरुजी, वर्गणीचा हिशेब सांगायला सोसायटीचे चेअरमन आणि जोडी ठरवायला अण्णा. अण्णा एकेकाळचे पैलवान. कान मोडून घट्ट झालेले, मान खांद्यात गेलेली. बाकीचे बोलायचे; अण्णा फोन लावायचे.

"वस्ताद, रामराम. एक नंबरला तुमचा पोरगा धरतोय."

"धरा की. म्होरं कोण?"

अण्णांनी नाव सांगितलं. वाळव्याकडचा पोरगा, याच वजनाचा, याच वयाचा. पलीकडे थोडा वेळ शांतता.

"बघतो. पोराला इचारून सांगतो."

फोन खाली ठेवत अण्णा म्हणाले, "न्हाय लढत."

"विचारून सांगतो म्हणाले की."

"वस्ताद पोराला कधी इचारतो व्हय?"

माझा समज असा की अडत असेल ते पैशावर. पैशाची घासाघीस झाली, नाही असं नाही. पण ती दहा मिनिटांत मिटली. खरसुंडीच्या बाजारात खिलार बैलाचा सौदा उपरण्याखाली बोटं धरून होतो, तसा इथला आकडाही शेवटी कुठेतरी बसतोच. अडतं ते पुढे. अण्णांनी मला वहीच्या मागच्या पानावर गणित मांडून दाखवलं. चैत्रातल्या यात्रांपासून पावसाळा तोंडावर येईपर्यंत पैलवानाची मैदानं सलग असतात. बाहेरच्या मल्लाकडून हरला तर लोक चार दिवस बोलतात. शेजारच्या तालुक्यातल्या, बरोबरीच्या पोराकडून चितपट झाला तर पुढच्या प्रत्येक गावात त्याचं नाव एक नंबरवरून तीनवर येतं, आणि दूध, तूप, बदाम तर पहिल्याइतकंच लागतं. म्हणजे आजचं इनाम कितीही मोठं असलं तरी हरण्याची किंमत त्याच्यापेक्षा मोठी. ती कोणी द्यायची, हे ठरत नाही म्हणून जोड लागत नाही.

मग ही किंमत उघड न मागता दुसऱ्या नावानं मागितली जाते. दुसऱ्या दिवशी वस्तादांचा उलटा फोन आला आणि अटी सुरू झाल्या. कुस्ती बरोबरीत सुटली तर इनाम पूर्ण हवं. कमिटीचं म्हणणं, निकाल नाही तर निम्मं; लोक उन्हात खडाखडी बघायला येत नाहीत. वीस मिनिटांनी गुणांवर सोडवायची का? चालेल, पण पंच आमच्या माहितीतला हवा. दुसऱ्या बाजूच्या वस्तादांना नेमका तोच पंच नको. मग नावाचा प्रश्न निघाला. फ्लेक्सवर डावीकडे कोण, उजवीकडे कोण? फोटो कुणाचा मोठा? मला हसू आलं. गुरुजी हसले नाहीत. डावीकडचं नाव म्हणजे मान, उजवीकडचं म्हणजे आव्हान देणारा. हे सगळ्या भागाला कळतं, म्हणाले.

त्या रात्री मला टायसन फ्युरी आणि ओलेक्झांडर उसिक आठवले. जगातले दोन अव्वल हेवीवेट मुष्टियोद्धे, २०२३ च्या एप्रिलात लंडनच्या वेम्बली मैदानावर लढायचे होते. फ्युरीनं मला सत्तर, तुला तीस अशी वाटणी जाहीरपणे तोंडावर फेकली, आणि उसिक ती कबूल करून मोकळा झाला. पैशाचा प्रश्न संपला, तरी मार्च संपण्याआधीच बोलणी फिसकटली. पुन्हा लढत कुणाला, केव्हा, कोणत्या वाटणीनं मिळणार, यावर गाडं अडल्याच्या बातम्या होत्या. म्हणजे पहिल्या लढतीआधीच दुसरीचं भांडण. हरणाऱ्याला परत उभं राहायला जागा हवी असते. आमच्या वस्तादांच्या 'बरोबरीत पूर्ण इनाम'चं हे विलायती भावंडच. शेवटी १८ मे २०२४ रोजी रियाधमध्ये सौदी पैशावर ती कुस्ती, चुकलो, मुष्टियुद्ध झालं आणि उसिक जिंकला. पैसा एवढा झाला की हरण्याची किंमतही त्यात बसली.

आपल्या लोकांनी याची दुसरी बाजूही पाहिली आहे. १९१० साली लंडनला गामा पैलवानानं पोलंडच्या झ्बिश्कोला दोन तासांहून जास्त वेळ खाली दाबून ठेवलं, निकाल लागला नाही, आणि पुन्हा ठरलेल्या दिवशी झ्बिश्को आलाच नाही. पुढची गाठ पडायला १९२८ उजाडलं, पतियाळात. तेव्हा मिनिटभरही लागलं नाही. अण्णांना ही गोष्ट माझ्यापेक्षा चांगली ठाऊक होती. त्यांचा निष्कर्ष वेगळा होता: "अठरा वर्सं गामानं जोड सोडली न्हाय, ह्ये बघा."

जिथं जोड माणसं ठरवत नाहीत तिथं यातलं काहीच होत नाही. साताऱ्यात २०२२ साली महाराष्ट्र केसरी झाली, सांगलीत २०२३ साली महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं ती जिंकली. तिथं गट पडतात, नाव निघेल त्याच्याशी लढायचं. वस्तादाला 'बघतो' म्हणायला जागाच नाही. पण बोलायला कुणी नसलं की काय होतं, तेही कऱ्हाडशेजारच्या गोळेश्वरला विचारावं. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्या गावच्या खाशाबा जाधवांना एक दमवणारी लढत संपताच दुसरीला उभं केलं. मधे विश्रांती मिळायला हवी होती, पण ती मागायला तिथं भारतीय अधिकारी हजर नव्हता. कांस्य आलं. म्हणून मी वस्तादांच्या अटींवर फार हसत नाही.

दोन दिवसांनी तोडगा निघाला, आणि तो या भागात नेहमीचा आहे. हरियाणाचे दोन मल्ल बोलावले. वाळव्याच्या पोराला एक, दुसऱ्याला एक. एक नंबरच्या दोन कुस्त्या, फ्लेक्सवर दोघंही डावीकडे. गुरुजींनी वहीत वरच्या ओळीत '१-अ' आणि '१-ब' लिहिलं. बाहेरच्याकडून हरलं तर घरात भांडण नाही, जिंकलं तर टाळ्या आहेतच. चेअरमननी जादा खर्चाचा आकडा ऐकून टोपी काढून मांडीवर ठेवली.

मैदानाच्या दिवशी पोरांच्या कुस्त्या आधी. दहा-बारा वर्षांची पोरं हात वर करून कडेनं फिरत होती; अण्णा दोघांना पाठीला पाठ लावून उभी करत, डोक्यावर हात फिरवून उंची बघत आणि सोडून देत. एक जोड लागायला अर्ध्या मिनिटाहून कमी. हलगी कडकडत होती. संध्याकाळी १-अ घिस्स्यावर निकाली झाली, १-ब मात्र बरोबरीत सुटली आणि इनामाचा वाद देवळाच्या पायरीवर उशिरापर्यंत चालला.

तो चालू असताना मी पाण्याच्या टँकरकडे गेलो. आपले दोन्ही पैलवान, ज्यांची जोड लागली नव्हती, तिथं एकमेकांच्या पाठीवरची माती धुऊन देत होते. मग टेम्पोच्या फाळक्यावर बसून एकच कलिंगड फोडलं. मी एकाला विचारलं, "एकमेकांशी धरायची होती का?" त्यानं आधी पायरीकडे, वस्तादांच्या दिशेनं पाहिलं, आणि कलिंगडाची एक फोड माझ्यापुढे केली.