काळ्या जमिनीवरील अंगणाचा निचरा : कृत्रिम हिरवळ अंथरण्यापूर्वी घ्यावयाची काळजी

महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण मंजूर केले. शेतावर पाहुण्यांसाठी निवास, जेवण व मुलांना खेळण्यासाठी मोकळे अंगण अशी सोय अनेक शेतकरी करू लागले आहेत. अशा अंगणात चिखल नको म्हणून कृत्रिम हिरवळ अंथरली जाते. परंतु भारी काळ्या जमिनीवर निचऱ्याची व्यवस्था न करता अंथरलेली हिरवळ पहिल्याच पावसाळ्यात फुगते, खाली पाणी साचून कुबट वास येतो, डास वाढतात आणि झालेला खर्च वाया जातो. म्हणून हिरवळ खरेदी करण्याआधी निचऱ्याचा विचार करावा.

काळ्या जमिनीचा स्वभाव

काळ्या जमिनीत चिकणमातीचे प्रमाण जास्त असते. ही माती पाणी मिळताच फुगते आणि तिच्यातील भेगा व पोकळ्या बंद होतात. उन्हाळ्यात तीच माती आकसून भेगाळते. त्यामुळे पहिल्या पावसाचे पाणी भेगांतून मुरते, पण जमीन एकदा भिजली की पाणी मुरण्याचा वेग फारच कमी होतो.

एक गुंठा अंगणावर ५० मि.मी. पाऊस पडल्यास सुमारे ५,००० लिटर पाणी जमा होते. भिजलेल्या जमिनीत तासाला २ मि.मी. पाणी मुरते असे धरले, तरी ते जिरण्यास २५ तास लागतील. शेजारच्या छपराच्या पागोळ्या त्याच अंगणात पडत असतील तर भार आणखी वाढतो. म्हणजेच येथे पाणी मुरविण्यावर विसंबून चालत नाही, ते वाहून न्यावे लागते.

जमिनीची परीक्षा

अंगणात ३० सें.मी. लांब, रुंद व खोल खड्डा घ्यावा. तो पाण्याने भरून रात्रभर भिजू द्यावा. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरून एका तासात पाणी किती उतरते ते पट्टीने मोजावे. १ सें.मी. पेक्षा कमी उतरल्यास निचऱ्याची व्यवस्था केल्याशिवाय हिरवळ अंथरू नये. त्याच वेळी खाली मुरूम किती खोलीवर लागतो तेही पाहावे.

उतार मातीलाच द्यावा

मूळ माती सपाट ठेवून खडीच्या जाडीने उतार साधू नये. हिरवळीतून उतरलेले पाणी खडीतून झिरपून खालच्या मातीवर थांबते. ती माती सपाट असेल तर खडीखाली तळे साचते. म्हणून मातीच्या पृष्ठभागालाच घरापासून दूर जाणारा १.५ ते २ टक्के उतार द्यावा, म्हणजे १० मीटर लांबीत १५ ते २० सें.मी. गवंडी वापरतात त्या पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने ही पातळी घरच्या घरी काढता येते.

खोदाई जमीन वापशावर असताना करावी. ओल्या मातीत काम केल्यास चराच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात आणि पाणी आत येत नाही.

निचऱ्याचा चर

१) वरच्या बाजूने येणारे शेताचे पाणी अंगणात शिरण्यापूर्वीच उघड्या चराने वळवावे. छपराला पन्हळ लावून ते पाणी शेततळ्यात किंवा टाकीत न्यावे.

२) अंगणाच्या खालच्या कडेला ३० सें.मी. रुंद चर घ्यावा. सुरुवातीस खोली ४५ सें.मी. ठेवून १ टक्का उतार द्यावा. १५ मीटर लांबीच्या चराची शेवटची खोली ६० सें.मी. येईल.

३) चरात पाणी झिरपू देणारे जिओटेक्स्टाईल कापड अंथरावे. त्यावर ५ सें.मी. खडी, मग १० सें.मी. व्यासाचा छिद्रे असलेला पीव्हीसी पाइप छिद्रे खाली करून ठेवावा. वरून खडी भरून कापड मिटावे. कापड नसल्यास चिकणमाती शिरून खडी लवकर बुजते.

४) पाइपाचे तोंड नाल्यात किंवा शेतचरात, पुराच्या पातळीच्या वर उघडावे व त्यास उंदरांसाठी जाळी लावावी. शेजाऱ्याच्या शेतात किंवा विहिरीकडे पाणी सोडू नये.

काही ठिकाणी चर शोषखड्ड्यात सोडतात. काळ्या मातीतच संपणारा शोषखड्डा पावसाळ्यात भरून राहतो. मुरमापर्यंत पोहोचत असेल तरच तो करावा.

हिरवळीचा थर

उतार दिलेल्या मातीवर जिओटेक्स्टाईल कापड, त्यावर १० सें.मी. जाडीची २० मि.मी. खडी आणि वर ३ सें.मी. बारीक खडी पसरून रोलर फिरवावा. एक गुंठ्यास दबाईसह सुमारे ४ ब्रास खडी व सव्वा ब्रास बारीक खडी लागते. मातीमिश्रित मुरूम वापरू नये. हिरवळीच्या पाठीला निचऱ्याची छिद्रे आहेत याची खरेदीवेळीच खात्री करावी. अंथरण्यापूर्वी थरावर भरपूर पाणी ओतून पाहावे. पाणी साचल्यास दोष त्याच वेळी दूर करावा.

हे टाळावे

• काळ्या मातीत थोडी वाळू मिसळल्याने निचरा सुधारत नाही. त्यासाठी निम्म्याहून अधिक वाळू लागते.

• जिप्समचा उपयोग चोपण जमिनीत, माती परीक्षणानंतर होतो. उताराची उणीव त्याने भरून निघत नाही.

• घराच्या पायालगत चर घेऊ नये किंवा पाणी साचू देऊ नये. माती एका बाजूस फुगून भिंतींना तडे जातात.

• जनावरे या हिरवळीवर बांधू नयेत. प्लॅस्टिकचे धागे पोटात गेल्यास धोका असतो. गोठ्यापुढील आवारात उतार व चर करून वर खडी किंवा फरशीच करावी, म्हणजे चिखलाने खूर कुजणे टळेल.

कृत्रिम हिरवळ उन्हात बरीच तापते. म्हणून दुपारच्या वापरासाठी सावलीची सोय करावी. दरवर्षी मृगापूर्वी पाइपाचे तोंड, जाळी व पन्हळी साफ कराव्यात. खर्चाची ओढाताण असल्यास प्रथम उतार व चर पूर्ण करावेत, हिरवळ पुढील वर्षी अंथरली तरी चालेल.