पडद्यावरचे जेरुसलेम

मराठीत ‘क्रुसेड’साठी शाळेच्या पुस्तकापासून ‘धर्मयुद्ध’ हाच शब्द रूढ आहे, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. महाभारतातले धर्मयुद्ध म्हणजे नियमाने लढायचे युद्ध. सूर्य मावळला की शस्त्र खाली ठेवायचे, निःशस्त्रावर वार करायचा नाही. ते नियम पुढे मोडले गेले हा भाग वेगळा. पण लढणारे दोन्ही पक्ष एकाच धर्माचे, एकाच घरातले होते. १०९५च्या नोव्हेंबरमध्ये फ्रान्समधल्या क्लेरमाँ येथे पोप दुसरा अर्बन याने जे आवाहन केले त्याचा याच्याशी काहीच संबंध नव्हता. जेरुसलेम सोडवण्यासाठी भक्तिभावाने निघेल त्याला तो प्रवासच पापांचे प्रायश्चित्त म्हणून लागू होईल, असे त्याचे वचन होते. कपड्यांवर कापडाचा क्रूस शिवून जे निघाले ते स्वतःला यात्रेकरू म्हणवत. ‘क्रुसेड’ हा शब्द नंतरचा. अरब इतिहासकारांच्या लेखी ही माणसे नुसती ‘फ्रँक’ होती.

म्हणजे ती यात्रा होती, प्रायश्चित्त होते आणि लढाईही होती. यातली लढाई चित्रपटाला उत्तम दाखवता येते. यात्रा अधूनमधून साधते. प्रायश्चित्त दाखवणे मात्र त्याला जवळजवळ कधीच जमलेले नाही. ऐतिहासिक भव्यपटांनी धर्माचे काय केले याचा शोध घ्यायचा तर या उणिवेपासूनच सुरुवात करावी लागते.

अशा चित्रपटांचे आवडते कथानक एकच आहे. १०९९च्या जुलैत फ्रँकांनी जेरुसलेम घेतले आणि शहरात मोठी कत्तल केली. ४ जुलै ११८७ रोजी हत्तीनच्या रणात इजिप्त आणि सीरियाचा सुलतान सलाहुद्दीन याने त्यांचे सैन्य बुडवले आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबरला शहर त्याच्या ताब्यात आले. ते परत मिळवायला इंग्लंडचा राजा रिचर्ड आला, सलाहुद्दीनशी झुंजला आणि ११९२मध्ये तह करून परत फिरला. जेरुसलेम मुसलमानांकडे राहिले, निःशस्त्र ख्रिस्ती यात्रेकरूंना वाट खुली झाली. हॉलिवूडच्या सेसिल बी. डेमिलने १९३५मध्ये, इजिप्तच्या युसुफ शाहीनने १९६३मध्ये आणि ब्रिटिश दिग्दर्शक रिडली स्कॉटने २००५मध्ये हीच गोष्ट आपापल्या परीने सांगितली.

डेमिलच्या ‘द क्रुसेड्स’मधला रिचर्ड श्रद्धेपोटी निघतच नाही. फ्रान्सच्या राजकन्येशी ठरलेले लग्न टाळायचे म्हणून तो मोहिमेत सामील होतो. पुढे सैन्यासाठी धान्य मिळावे म्हणून नावारेच्या बेरेंगारियाशी लग्न करतो, आणि त्या लग्नाला स्वतः न जाता आपली तलवार पाठवतो. राजाच्या जागी तलवार उभी राहते आणि तिच्याशी वधूचा विवाह लागतो. खऱ्या रिचर्डने बेरेंगारियाशी सायप्रसमधल्या लिमासोल येथे १२ मे ११९१ रोजी स्वतः उभे राहून लग्न केले होते. पण डेमिलला या प्रसंगातून काही सांगायचे आहे: देवाऐवजी पोलादावर विसंबणारा माणूस हळूहळू प्रार्थनेकडे कसा वळतो. शेवटी रिचर्ड खरोखर गुडघे टेकतो, ते बायकोसाठी. देवाकडे जाण्याची वाट प्रेमकथेतून काढायची ही हॉलिवूडची जुनी रीत, आणि प्रेक्षकाच्या काळजाला हात घालण्यात तिचा हातखंडा आहे. मात्र त्यामुळे धर्म ही माणसाची खासगी भावना होऊन बसते. बाराव्या शतकात तो खासगी नव्हता. पीक, कर्ज, लग्न, मरण या सगळ्यांत तो होता. ऑगस्ट ११९१मध्ये अक्का शहराबाहेर सुमारे २,७०० बंदिवानांची कत्तल करवणारा रिचर्ड त्याच काळाचा माणूस होता.

जेरुसलेमपासून दूर, रशियात, सर्गेई आयझेनस्टाइनने १९३८मध्ये ‘अलेक्झांडर नेव्हस्की’ काढला तेव्हा रोख उलटा होता. ५ एप्रिल १२४२ रोजी पायपस सरोवराच्या बर्फावर रशियन सैन्याने ट्यूटॉनिक संघाच्या जर्मन क्रूसधारी सरदारांना हरवले, ही त्याची कथा. या सरदारांचे चेहरे लोखंडी शिरस्त्राणात झाकलेले, रशियन शेतकऱ्यांचे उघडे. पस्कोव्ह शहरात हे सरदार लहान मुलांना आगीत टाकतात आणि धर्मगुरू आशीर्वाद देत उभा असतो. नेव्हस्की स्वतः १५४७पासून रशियन ऑर्थोडॉक्स चर्चचा संत आहे, पण सोव्हिएत चित्रपटात त्याची भक्ती झाकून ठेवली आणि देशभक्ती पुढे आणली. धर्म तेवढा शत्रूच्या वाट्याला आला. ऑगस्ट १९३९मध्ये स्टालिनचा हिटलरशी करार झाला तेव्हा हा चित्रपट पडद्यावरून उतरला, आणि जून १९४१मध्ये जर्मनीने हल्ला केल्यावर पुन्हा झळकला. तेराव्या शतकाच्या गोष्टीला विसाव्या शतकातला तह इतका झोंबावा, यातच तिचा खरा काळ कोणता ते कळते.

शाहीनच्या ‘अन-नासिर सलाहुद्दीन’चे नावच बोलके आहे. ‘अन-नासिर’ ही सलाहुद्दीनची खरी उपाधी. पण १९६३मध्ये कैरोच्या प्रेक्षकाला तीत इजिप्तचा तेव्हाचा अध्यक्ष गमाल अब्दुल नासर ऐकू येणारच. सुएझ कालव्यावरून झालेल्या युद्धाला तेव्हा सात वर्षे झाली होती, आणि अरब एकजुटीचे स्वप्न जिवंत होते. सलाहुद्दीन मूळचा कुर्द, तिक्रितला जन्मलेला. चित्रपटात तो साऱ्या अरबांचा पुढारी झाला. पटकथेच्या कामात कादंबरीकार नागिब महफूझ यांचाही हात होता. दिग्दर्शक स्वतः अलेक्झांड्रियाचा ख्रिस्ती. म्हणूनच या चित्रपटाने धर्माच्या प्रश्नाला दिलेले उत्तर नीट पाहण्यासारखे आहे: लढाई इस्लाम आणि ख्रिस्ती धर्म यांच्यात नाहीच, ती परके आक्रमक आणि इथले रहिवासी यांच्यात आहे.

हे उत्तर ठसवण्यासाठी शाहीनने ईसा अल-अव्वाम या पात्राचा धर्म बदलला. अव्वाम म्हणजे पोहणारा. सलाहुद्दीनच्या पदरी असलेल्या इब्न शद्दाद या इतिहासकाराने या ईसाची हकीकत लिहून ठेवली आहे. अक्का शहराला फ्रँकांचा वेढा पडलेला असताना तो रात्री समुद्रात उतरे. कमरेला दिनारांच्या थैल्या आणि पत्रे बांधलेली, शत्रूच्या गलबतांखालून बुडी मारून तो पलीकडे निघे. शहरात पोचला की एक पाखरू सोडून देई. ते परत आले की इकडच्यांना कळे की माणूस सुखरूप आहे. एका रात्री तो गेला आणि पाखरू आले नाही. काही दिवसांनी लाटांनी किनाऱ्यावर एक प्रेत आणून टाकले. ते ईसाचे होते आणि थैल्या कमरेलाच होत्या. मेल्यानंतरही ज्याने ठेव पोचती केली असा हा माणूस, अशा शब्दांत इब्न शद्दाद त्याला निरोप देतो. हा ईसा मुसलमान होता. चित्रपटात तो ख्रिस्ती अरब आहे आणि सलाहुद्दीनचा विश्वासू सरदार आहे. इतिहासाला घातलेली ही मुरड मोठी आहे, तरी ती निखळ खोटी म्हणता येत नाही. त्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या राहणारे अरबी बोलणारे ख्रिस्ती होतेच, आणि पाश्चात्त्य चित्रपटांनी त्यांना कधी जागा दिली नव्हती.

अरब दिग्दर्शकांच्या या वाटेवर मुस्तफा अक्कादचा ‘द मेसेज’ हा १९७६चा चित्रपट वेगळा उभा आहे. इस्लामच्या उदयाची कथा, आणि पैगंबर मुहंमद पडद्यावर दिसणार नाहीत, त्यांचा आवाजही ऐकू येणार नाही, हा दंडक. मग कॅमेराच त्यांच्या जागी उभा राहतो. पात्रे थेट कॅमेऱ्याकडे पाहून बोलतात, उत्तराची वाट पाहतात, आणि न ऐकू आलेले उत्तर त्यांच्या चेहऱ्यावर वाचावे लागते. अडचणीतून निघालेली ही युक्ती श्रद्धेच्या फार जवळ जाते. ज्याच्यावर विश्वास ठेवायचा तो दिसत नाही, हे श्रद्धेचे मूळ स्वरूप कुठल्याही महागड्या देखाव्यापेक्षा त्या रिकाम्या चौकटीत अधिक उतरले आहे. अक्कादला पुढे सलाहुद्दीनवरही चित्रपट काढायचा होता. नोव्हेंबर २००५मध्ये अम्मानमधल्या हॉटेलांवर झालेल्या बॉम्बहल्ल्यांत तो आणि त्याची मुलगी मारली गेली, आणि तो चित्रपट राहून गेला.

त्याच वर्षी मे महिन्यात स्कॉटचा ‘किंगडम ऑफ हेवन’ आला होता. सप्टेंबर २००१मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी दहशतवादाविरुद्धच्या लढ्याला ‘क्रुसेड’ म्हटले होते आणि २००३पासून इराकमध्ये युद्ध चालू होते. स्कॉट आणि पटकथाकार विल्यम मोनाहन यांना शांततेच्या बाजूने बोलायचे होते, आणि ती तळमळ चित्रपटभर जाणवते. नायक बेलियन हा फ्रान्समधला लोहार. बायकोने आत्महत्या केलेली, स्वतःच्या हातून खून झालेला. तो क्षमा शोधत जेरुसलेमला येतो. ख्रिस्ताला जिथे क्रूसावर चढवले त्या कॅल्व्हरीच्या टेकडीवर तो रात्रभर बसतो आणि देव आपल्याशी काही बोलला नाही असे त्याला वाटते. इथे प्रायश्चित्ताचे दार उघडल्यासारखे होते, पण कथा आत शिरत नाही. त्या रात्रीनंतर बेलियन श्रद्धेच्या जागी कर्तव्य आणि माणुसकी ठेवतो. शहर म्हणजे दगड नव्हेत, माणसे, हे तो वेढ्याच्या वेळी लोकांना सांगतो. चित्रपटातले बहुतेक धर्मगुरू भित्रे किंवा आंधळे, आणि चांगली माणसे धर्माबद्दल साशंक. विचार उदात्त आहे, पण तो २००५चा आहे. खरा इबेलिनचा बेलियन पूर्वेकडेच वाढलेला उमराव होता, जेरुसलेमच्या विधवा राणीचा नवरा. शहर पडायला आले तेव्हा त्याने सलाहुद्दीनला बजावले की अटी मान्य नसतील तर आम्ही मुसलमान कैदी मारू, डोम ऑफ द रॉकचा घुमट आणि अक्सा मशीद जमीनदोस्त करू आणि मग लढत मरू. तह झाला तो या धमकीनंतर: पुरुषाला दहा दिनार, बाईला पाच, असा दंड ठरला आणि ज्यांना तो भरता आला नाही अशी हजारो माणसे गुलामीत गेली. चित्रपटात सगळ्यांना विनादंड सुखरूप वाट मिळते.

बाल्डविन चौथा या कुष्ठरोगी राजाचे चित्रण मात्र मनात घर करते. चेहऱ्यावरच्या रुपेरी मुखवट्याला इतिहासाचा आधार नाही, पण एडवर्ड नॉर्टनने नुसत्या आवाजावर आणि डोळ्यांवर ही भूमिका पेलली आहे. राजाचा गुरू, टायरचा विल्यम, याने रोग कसा ध्यानात आला ते लिहिले आहे. मुले खेळताना एकमेकांच्या हातांना चिमटे काढत होती, बाकीची ओरडत आणि बाल्डविन गप्प राही. सोशिक आहे असे गुरूला आधी वाटले. मग कळले की त्याच्या उजव्या हाताला काही जाणवतच नाही. हाच मुलगा ११७७मध्ये, सोळाव्या वर्षी, माँजिसारच्या लढाईआधी घोड्यावरून उतरून ख्रिस्ताच्या क्रूसाच्या अवशेषापुढे रडत आडवा पडला आणि मग लढला, असे तेव्हाचे वृत्तांत सांगतात. पडद्यावरचा बाल्डविन शहाणा आहे, सहिष्णू आहे. तो रडून प्रार्थना करताना दिसत नाही.

चित्रपटाच्या अखेरीस सलाहुद्दीन (सीरियाचा नट घसान मसूद) जिंकलेल्या वाड्यातून चालताना जमिनीवर पडलेला क्रूस पाहतो, वाकतो, उचलतो आणि मेजावर नीट ठेवतो. या क्षणी बैरूतच्या थिएटरात प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, असे पत्रकार रॉबर्ट फिस्क यांनी लिहिले आहे. प्रसंग स्कॉटचा. इब्न अल-असीर या इतिहासकाराने नोंदवलेला प्रसंग निराळा आहे. डोम ऑफ द रॉकवरचा सोन्याचा मोठा क्रूस खाली पाडला तेव्हा शहरात आणि बाहेर एकाच वेळी दोन आरोळ्या उठल्या: मुसलमानांचा आनंदाचा तकबीर (‘अल्लाहु अकबर’) आणि फ्रँकांचा आक्रोश. ख्रिस्ताच्या कबरीवरचे चर्च पाडावे असे काहींचे म्हणणे असताना सलाहुद्दीनने ते राहू दिले, हेही तितकेच खरे. एकाच माणसाच्या हुकमतीत एक क्रूस पडला आणि एक चर्च वाचले. श्रद्धाळू विजेता असाच असतो. चित्रपटाने यातले औदार्य तेवढे उचलले. ब्रिटिश इतिहासकार जोनाथन रायली-स्मिथ यांनी चित्रपटावर कडाडून टीका केली आणि वॉल्टर स्कॉटच्या १८२५च्या ‘द टॅलिझमन’ या कादंबरीतल्या रम्य सलाहुद्दीनचीच ही छाया आहे असे म्हटले, ते यामुळेच.

डेमिल, शाहीन आणि स्कॉट या तिघांच्या चित्रपटांत तटबंदीवर दगड आदळतात, शिड्या लागतात, तेल ओतले जाते. ११८७मध्ये वेढ्यातल्या जेरुसलेमच्या आत आणखी काय चालले होते ते फ्रेंच वृत्तांतात आहे. घरंदाज बायकांनी कॅल्व्हरीच्या टेकडीपुढे पाण्याने भरलेली पिंपे मांडली, आपल्या मुलींना गळ्यापर्यंत त्या गार पाण्यात उभे केले आणि त्यांचे केस कापून फेकून दिले. शहर आपल्या पापांमुळे जात आहे, तर पाप धुतले की वाचेल, इतका तो सरळ हिशेब होता. पलीकडच्या छावणीतही असाच विश्वास होता. अलेप्पोचा राज्यकर्ता नूरुद्दीन याने जेरुसलेम हाती यायच्या सुमारे वीस वर्षे आधीच तिथल्या अक्सा मशिदीसाठी लाकडी मिंबर करवून घेतला होता, कोरीव कामाचा, प्रवचनासाठी. नूरुद्दीन ११७४मध्ये वारला. सलाहुद्दीनने शहर घेतल्यावर मशीद गुलाबपाण्याने धुवून घेतली आणि तो मिंबर अलेप्पोहून आणून तिथे बसवला. २१ ऑगस्ट १९६९ रोजी मशिदीला लावलेल्या आगीत जळेपर्यंत तो तिथेच होता.