ओळख हवामानाची : भाग ७ – वळवाचा अंदाज वाचताना

एप्रिल-मेमध्ये राज्यात पारा सर्वांत वर चढतो तो चंद्रपूर, अकोला, जळगाव या पट्ट्यात. वळवाचा पाऊस मात्र जास्त भरवशाने पडतो तो कोल्हापूर, सांगली, सिंधुदुर्गाकडे, जिथे ऊन त्या मानाने सौम्य असते. ‘आज फार उकडतंय, म्हणजे संध्याकाळी पाऊस येणार,’ असे आपण सहज म्हणतो. त्यातला उकाडा, म्हणजे हवेतला दमटपणा, खरोखरच महत्त्वाचा असतो. नुसत्या कोरड्या उन्हाने पाऊस पडत नाही. मागच्या भागात आपण उष्णतेच्या लाटा पाहिल्या. या आठवड्यात मार्च ते मे या काळातला गडगडाटी पाऊस आणि त्याचा अंदाज समजून घेऊ.

तापलेल्या जमिनीलगतची हवा हलकी होऊन वर जाते. तिच्यात बाष्प पुरेसे असेल आणि वरची हवा पुरेशी थंड असेल, तर ढग वाढत वाढत १२ ते १५ किलोमीटर उंची गाठतो. हे बाष्प येते बंगालच्या उपसागरावरून आणि अरबी समुद्रावरून. त्याच वेळी राजस्थान-गुजरातकडून कोरडे वायव्य वारे वाहत असतात. उपसागराकडचे दमट वारे आणि हे कोरडे वारे जिथे समोरासमोर येतात, तिथे एक पट्टा तयार होतो. तो बरेचदा विदर्भापासून मराठवाडा आणि कर्नाटकाच्या अंतर्भागातून थेट दक्षिणेपर्यंत पसरलेला असतो. बातम्यांत ऐकू येणारी ‘हवेची द्रोणीय रेषा’ ती हीच. वादळी ढग बहुधा या रेषेच्या आसपास आणि तिच्या पूर्वेला, म्हणजे दमट बाजूला वाढतात. रेषा रोज थोडी पूर्वेला किंवा पश्चिमेला सरकते, आणि तिच्याबरोबर पावसाची शक्यताही जिल्ह्याजिल्ह्यांतून सरकत राहते.

यावरून विभागवार चित्र स्पष्ट होते. हवामान खाते राज्याचे चार उपविभाग धरते : कोकण (गोव्यासह), मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ. मार्चमध्ये उत्तरेकडून जाणारे पश्चिमी विक्षोभ वरच्या थरात थंड हवा आणतात. खाली उपसागराचे बाष्प पोहोचले, की विदर्भ-मराठवाड्यात विजा, सोसाट्याचा वारा आणि गारा असा तिहेरी मारा होतो. या दिवसांत आकाशातली गोठण्याची पातळी मेच्या तुलनेने खाली असते, त्यामुळे गार वितळण्याआधीच जमिनीवर पोहोचते. २०१४ मध्ये फेब्रुवारीअखेरीस सुरू झालेली गारपीट मार्चच्या मध्यापर्यंत चालली आणि राज्याच्या मोठ्या भागातली रब्बी पिके व फळबागा तिने झोडपून काढल्या. एप्रिलच्या उत्तरार्धापासून दक्षिण मध्य महाराष्ट्रात दुपारनंतरच्या वळवाची शक्यता वाढत जाते. कोकणात मार्च-एप्रिलमध्ये समुद्रावरून येणारी थंडसर हवा खालीच राहते आणि तिच्यावर उबदार, कोरडा थर असतो, म्हणून ढगांना उंच वाढता येत नाही. तिथला गडगडाट प्रामुख्याने मेमध्ये, आधी दक्षिणेकडे सुरू होतो.

आता अंदाजाची भाषा पाहू. ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ याचा अर्थ ठरलेला आहे : उपविभागातल्या पर्जन्यमापन केंद्रांपैकी जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर किमान २.५ मिलिमीटर पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे ५१ ते ७५ टक्के आणि ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे त्याहून जास्त. वळवाचा अंदाज बहुतेक वेळा पहिल्या दोन पायऱ्यांवरच असतो. गडगडाटी ढगाचा पसारा साधारण काही किलोमीटरचा आणि आयुष्य तासाभराच्या आसपासचे. म्हणून एका शिवारात ओढे वाहतात आणि शेजारच्या गावात धूळही बसत नाही. मराठवाड्यात तुरळक ठिकाणी पावसाचा अंदाज असताना तीन चतुर्थांश भाग कोरडा राहिला, तर तो अंदाज चुकलेला नसतो. हे लक्षात न घेता आपण अंदाजावरचा विश्वास सोडून देतो, आणि नेमक्या धोक्याच्या दिवशी गाफील राहतो.

इशाऱ्यांच्या रंगांचेही तसेच. पिवळा म्हणजे थोडा पाऊस आणि लाल म्हणजे खूप पाऊस, असे सरळ गणित नाही. पिवळा सांगतो लक्ष ठेवा, केशरी सांगतो तयारीत राहा आणि लाल सांगतो तातडीने पावले उचला. विजा आणि ताशी ४० ते ५० किलोमीटरच्या वाऱ्यासाठी दिलेल्या पिवळ्या इशाऱ्याच्या दिवशीही वीज पडून जीव जाऊ शकतो.

एकच अंदाज सगळ्या निर्णयांना पुरत नाही. दर गुरुवारी हवामान खाते पुढच्या आठवड्यांचा विस्तारित अंदाज देते. गव्हाची कापणी किंवा कांद्याची काढणी थोडी पुढे-मागे करायची का, हे ठरवायला तो उपयोगी. जिल्हावार अंदाज पुढच्या काही दिवसांचा असतो आणि मंगळवारी व शुक्रवारी कृषी सल्ला येतो. शिजवलेली हळद उघड्यावर वाळत घालायची का, तासगावकडे बेदाण्याच्या शेडचे पडदे कधी सोडायचे, काढलेला हरभरा ताडपत्रीखाली घ्यायचा का, हे त्यावर ठरवावे. आणि जीव वाचवण्यासाठी असतो तो पुढच्या तीन तासांचा तात्कालिक अंदाज. तो रडार, उपग्रह आणि विजा टिपणाऱ्या यंत्रणेवरून दिला जातो. आपले गाव धोक्यात आहे का, हे सर्वांत नेमके इथेच कळते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप आसपासच्या परिसरात विजा पडत असल्यास सूचना देते. शेतात राबणाऱ्या प्रत्येक घरातल्या एका तरी फोनवर ते असलेच पाहिजे.

देशात दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे वीज पडून मरण पावतात. त्यांत शेतात काम करणारे आणि गुरे राखणारे मोठ्या संख्येने असतात. यातले बरेच मृत्यू टाळता येण्यासारखे आहेत, म्हणून हे नियम पाठच करावेत. वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर ती साधारण १० किलोमीटरच्या आत आहे. लगेच पक्क्या घरात किंवा पत्र्याच्या टपाच्या बंद गाडीत जा. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर पडू नका. झाडाचा आडोसा घेऊ नका, जनावरेही झाडाखाली बांधू नका. विहीर, तारेचे कुंपण आणि विजेचा पंप यांपासून दूर राहा. उघड्यावर अडकलात, तर पाय जुळवून उकिडवे बसा, पण आडवे होऊ नका.

दुपारी तीन ते रात्री आठ ही वळवाची मुख्य वेळ. तुमच्या जिल्ह्याला पिवळा किंवा त्यावरचा इशारा असेल, त्या दिवशी रानातली कामे सकाळी उरका आणि जेवणानंतर तात्कालिक अंदाज एकदा पाहाच.

पुढच्या आठवड्यात : अरबी समुद्रातली मान्सूनपूर्व चक्रीवादळे आणि पावसाळ्याच्या आगमनावर होणारा त्यांचा परिणाम.