स्कुबा डायव्हिंगला जाताना शॉर्ट वेटसूट घालावा की फुल?

मालवण-तारकर्लीला स्कुबा डायव्हिंगसाठी गेलं की बोटीत आधी हातात येतो तो काळा, ओलसर, अंगाला चिकटणारा रबरी सूट. कुणाला अर्ध्या बाह्यांचा आणि मांडीपर्यंतचा मिळतो, ज्याला शॉर्टी म्हणतात. कुणाला मनगटापासून घोट्यापर्यंतचा फुल सूट. बहुतेक जण मिळेल तो चढवतात, फोटो काढतात आणि पाण्यात उतरतात. पंधरा-वीस मिनिटांच्या पहिल्यावहिल्या डाइव्हला तेवढं चालून जातं. पण ज्यांना याची गोडी लागते, जे पुढे कोर्स करतात, अंदमान किंवा नेत्राणीला जाऊन दिवसाला दोन-तीन डाइव्ह मारतात, त्यांना हा प्रश्न टाळता येत नाही.

कोमट पाण्यात थंडी कशी वाजते?

आपल्याकडचा समुद्र डायव्हिंगच्या हंगामात साधारण २६ ते ३० अंशांचा असतो. एवढ्या तापमानाच्या हवेत माणसाला घाम फुटतो, मग सूट हवाच कशाला?

कारण पाणी हवेपेक्षा जवळपास २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. शरीर आतून ३७ अंशांचं असतं. उघड्या अंगाने पाण्यात स्वस्थ बसून थंडी वाजू द्यायची नसेल, तर ते पाणी ३३ ते ३५ अंशांचं लागतं. म्हणजे २८ अंशांचा समुद्रही अंगातली ऊब खेचतच असतो, फक्त सावकाश. पहिल्या डाइव्हला ते जाणवत नाही. दुसरी संपता संपता दात वाजायला लागतात.

हा प्रश्न नुसता हुडहुडीचा नाही. गारठलेल्या माणसाची बोटं नीट चालत नाहीत, लक्ष उडतं आणि टाकीतली हवा लवकर संपते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे नायट्रोजन. पाण्याखाली श्वास घेताना तो शरीरात मुरतो आणि वर येताना हळूहळू बाहेर पडावा लागतो. तळाशी अंग गरम आणि वर येताना गार असेल, तर हातापायांतला रक्तपुरवठा कमी होतो. मग नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो आणि डीकम्प्रेशन सिकनेसचा धोका वाढतो.

सूट ऊब कशी देतो?

सुटात शिरलेलं पाणी अंगाच्या उष्णतेने तापतं आणि तेच ऊब देतं, असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. खरं काम करतात ते निओप्रीन रबरातले वायूचे बारीक बुडबुडे. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्निया विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी हेच ओळखलं. कापडातच वायू अडकलेला असेल तर डायव्हर कोरडा राहायची गरज नाही, हा त्यांचा मुद्दा होता. आजचा वेटसूट त्यातून आला.

याला एक मोठी मर्यादा आहे. १० मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो आणि बुडबुडे निम्मे होतात. ३० मीटरवर ते पाव उरतात. खाली पाणी जास्त गार असू शकतं आणि नेमका तिथेच सूट पातळ झालेला असतो. बोटीवर ‘एवढा जाड कशाला’ वाटणारा सूट खाली गेल्यावर पुरेसा वाटत नाही, तो यामुळे.

मग निवडायचं कसं?

पाणी २८ अंशांच्या वर, खोली कमी आणि दिवसात एकच डाइव्ह असेल तर शॉर्टी पुरते. चढवायला सोपी, हालचालीला मोकळी. मे महिन्याच्या उन्हात बोटीवर ताटकळताना फुल सुटात जीव नकोसा होतो, हाही भाग आहेच.

२४ ते २८ अंशांत ३ मिलीमीटरचा फुल सूट, त्याखाली २० अंशांपर्यंत ५ मिलीमीटरचा, असा ढोबळ हिशेब धरतात. कॅलिफोर्नियातल्या माँटेरेसारख्या १० ते १५ अंशांच्या पाण्यात शॉर्टीचा विषयच निघत नाही. तिथे ७ मिलीमीटरचा सूट आणि डोक्यावर हूड लागतं, किंवा थेट ड्रायसूट. सडपातळ माणसाला थंडी लवकर वाजते, त्यामुळे सोबतच्या मित्राला पुरलं ते आपल्यालाही पुरेल असं नाही.

आपल्याकडे मात्र फुल सुटाच्या बाजूने सगळ्यात मोठं कारण थंडी नाहीच, कातडी आहे. जेलीफिशचे धागे, फायर कोरलचा चटका, सी अर्चिनचे काटे. खडकावरच्या कालवांनी पाय कसा कापतो, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. नवशिक्याला पाण्यात तोल सांभाळता येत नाही, तो कुठे ना कुठे घासतोच. म्हणून कोर्स करणाऱ्याने ३ मिलीमीटरचा फुल सूटच मागावा. उकडत असेल तर लायक्राचा पातळ फुल सूटही चालतो. तो ऊब फारशी देत नाही, पण ऊन आणि ओरखडे अडवतो.

फुल सुटात रबर जास्त, म्हणून तो जास्त तरंगतो आणि कमरेला शिशाची वजनंही जास्त लागतात. शॉर्टीवरून फुलवर जाताना कालचाच वजनाचा पट्टा बांधला तर खाली जाताच येत नाही. उलट बदल केला आणि वजनं तेवढीच ठेवली, तर माणूस नको तितका खाली ओढला जातो. सूट बदलला की इन्स्ट्रक्टरला सांगून वजन पुन्हा तपासून घ्यायचं.

आणि माप. पाठीशी किंवा मानेशी पोकळी राहणाऱ्या फुल सुटात दर हालचालीला गार पाणी आत-बाहेर करतं. त्यापेक्षा अंगाला नीट बसलेली शॉर्टी बरी. भाड्याचा सूट कोरड्या अंगाने घालून बघा: काखेत, जांघेत आणि कमरेच्या मागे चिमटीत रबर येत असेल तर एक माप लहान मागा. श्वास पूर्ण घेता येत नसेल तर मोठा. आणि चेन बहुतेक सुटांना पाठीवर असते, पुढे नाही.