वॉकर, फुलर, टकर : एका धंद्याची तीन आडनावे

वॉकर हे इंग्लंडमधील अत्यंत प्रचलित आडनावांपैकी एक असून आजच्या इंग्रजीच्या आधारे त्याचा अर्थ ‘चालणारा’ असा सहज लावला जातो. राजाच्या राखीव जंगलात गस्त घालणारा रखवालदार ही लोकप्रिय व्युत्पत्तीही त्याच समजुतीतून पुढे आली. प्रत्यक्षात बहुसंख्य वॉकर घराण्यांचे मूळ लोकरी कापडाच्या धंद्यात आहे, आणि त्या धंद्यातले पाय रस्त्यावर नव्हे, तर हौदात भिजत घातलेल्या कापडावर चालत.

मागावरून उतरलेले लोकरी कापड विरळ, खरखरीत आणि तेलकट असे, कारण लोकरीत मुळातच स्निग्धांश असतो आणि कातण्यापूर्वी तिला वरून तेल किंवा लोणीही चोळले जाई. हा तेलकटपणा काढण्यासाठी कापड हौदात घालून त्यावर शिळे मूत्र, ज्यात अमोनिया तयार झालेला असतो, ओतले जाई, आणि स्निग्धांश शोषून घेणारी एक प्रकारची माती टाकली जाई. भारतात मुलतानी माती म्हणून विकली जाते ती याच जातीची. मग माणसे त्यात उतरून ते कापड तासन्‌तास तुडवत. तुडवल्याने लोकरीचे तंतू एकमेकांत गुंतत, कापड आटून दाट होई आणि वारापाऊस अडवण्याजोगे बने. शेवटी ते उघड्यावर लाकडी चौकटीला आकड्यांनी ताणून वाळवले जाई. काम दुर्गंधीचे होते खरे, पण त्यावाचून इंग्लंडचे लोकरी कापड बाजारात उभे राहिले नसते.

हे काम करणाऱ्याला मध्ययुगीन इंग्लंडमध्ये एकच नाव नव्हते. आग्नेय भागात व पूर्वेकडे तो ‘फुलर’ होता. हा शब्द ‘फुल्लो’ या लॅटिन शब्दावरून आला. नैर्ऋत्येकडील डेव्हन, कॉर्नवॉल आणि सॉमरसेट या परगण्यांत तो ‘टकर’ होता. त्यामागे छळणे, हाल करणे या अर्थाचे जुने इंग्रजी क्रियापद आहे, आणि कापडाचे जे काही केले जाई ते पाहता शब्दाची निवड चुकीची म्हणता येत नाही. उत्तरेत व मध्य इंग्लंडच्या पश्चिम भागात मात्र तो ‘वॉकर’ होता. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात धर्मसुधारक विक्लिफच्या प्रेरणेने झालेल्या इंग्रजी बायबलमध्ये मार्कच्या शुभवर्तमानात फुलर आणि वॉकर हे दोन्ही शब्द शेजारीशेजारी दिलेले आढळतात, म्हणजे एकाच शब्दावर सर्व प्रांतांतील वाचकांचे भागणार नाही, याची भाषांतरकारांना जाणीव होती. दप्तरांच्या कारकुनांनी ही विविधता बरीच झाकून टाकली, कारण ते लॅटिनमध्ये लिहीत आणि सरसकट ‘फुल्लो’ असे नोंदवून मोकळे होत.

यातील खरी गंमत काळाच्या हिशेबात आहे. इंग्लंडमध्ये आडनावे पित्याकडून पुत्राकडे वंशपरंपरेने जाण्याची प्रथा नॉर्मन विजयानंतर, म्हणजे 1066 नंतर, प्रथम जमीनदारांत सुरू झाली आणि सामान्य लोकांत ती मुख्यतः तेराव्या व चौदाव्या शतकांत रुजली. नेमक्या याच काळात पाण्याच्या जोरावर लाकडी हातोडे उचलून कापड कुटणाऱ्या गिरण्या पसरत होत्या. टेम्पलर या धर्मयोद्ध्यांच्या संघाने 1185 मध्ये केलेल्या आपल्या मालमत्तेच्या पाहणीत अशा गिरण्यांची नोंद आहे. 1298 मध्ये लंडनच्या कारागिरांनी कापड शहराबाहेरील गिरण्यांकडे जाऊ लागल्याची तक्रार केली होती. इतिहासकार एलिनोरा कॅरस-विल्सन यांनी 1941 मधील निबंधात या बदलाला तेराव्या शतकातील औद्योगिक क्रांती म्हटले. पुढच्या अभ्यासकांना हा शब्द फार मोठा वाटला, आणि ते बरोबरच आहे, परंतु पायांची जागा यंत्राने घेतली यात शंका नाही. तरीही उत्तरेत त्या यंत्राला ‘वॉक मिल’ असेच म्हणत राहिले आणि ते चालवणारा वॉकरच राहिला. त्यामुळे ज्यांचे आडनाव पुढे वंशात टिकले, त्यांपैकी कित्येक वॉकरांनी कापडावर कधी पायही ठेवला नसणार.

प्रांतांची ही वाटणी विलक्षण चिवट ठरली. 1881 च्या जनगणनेतील नावांचे नकाशे काढले असता टकर नैर्ऋत्येत, फुलर आग्नेयेत व पूर्वेत आणि वॉकर यॉर्कशर व लँकेशरच्या बाजूला दाटलेले दिसतात, आणि डेव्हनमधील एक्सेटर शहरात विणकर व टकरांच्या संघाचे 1471 पासूनचे सभागृह ‘टकर्स हॉल’ याच नावाने आजही उभे आहे. फुलर हे नाव तर रसायनशास्त्रातही गेले, कारण 1985 मध्ये सापडलेल्या साठ कार्बन अणूंच्या गोलाकार रेणूला अमेरिकन वास्तुरचनाकार बकमिन्स्टर फुलर यांचे नाव देण्यात आले.

स्कॉटलंडमध्येही हाच धंदा वॉकर आडनावामागे आहे. मराठी इतिहासाच्या वाचकांना परिचित असलेले अलेक्झांडर वॉकर हे स्कॉटिश अधिकारी 1802 मध्ये गायकवाडांच्या बडोद्याला ईस्ट इंडिया कंपनीचे रेसिडेंट झाले, आणि गायकवाडांची फौज मुलूखगिरी करून काठियावाडातील संस्थानिकांकडून जी खंडणी वसूल करी, तिची रक्कम कायमची ठरवून देणारा 1807 चा करार त्यांच्याच नावाने ओळखला जातो.