आजचा रंग कोणता?

सकाळी 6

रात्रभर सर्व्हर आपलं काम करत असतो. तिन्ही राइस मिलच्या वजनकाट्यांवरून दिवसभराची आवक-जावक येते, डेटाबेसात जागच्या जागी बसते आणि पहाटे साडेपाचच्या सुमाराला तिच्यातून पाच-सहा तक्ते आपोआप तयार होतात. ते धड झालेत का, एवढंच पाहायला मी उठते. जानेवारीत पद्मनाभपुरात या वेळी चांगलं गारठलेलं असतं. शाल पांघरून स्क्रीनसमोर बसायचं, चहा नंतर.

पत्त्यात कुणी आम्हाला भिलाईत टाकतं, कुणी दुर्गात. टपाल दोन्ही प्रकारे येतं. माझं माहेर गोंदियाचं, त्यामुळे धान मला नवा नाही. नवं होतं ते इथलं, छत्तीसगडमधलं, खरेदीचं गणित. शेतकरी सोसायटीत धान विकतो, 40 किलोच्या कट्ट्यांमध्ये. त्याला टोकन हवं असतं, तेही आता ‘टोकन तुंहर हाथ’ ॲपवर मिळतं. सोसायटी हा धान मार्कफेडसाठी, म्हणजे राज्याच्या सहकारी पणन महासंघासाठी घेते. मिलमालक बँक गॅरंटी भरून डीओ, म्हणजे डिलिव्हरी ऑर्डर घेतो, सोसायटीतून धान उचलतो, भरडतो आणि तांदूळ सरकारी गोदामात जमा करतो. शंभर क्विंटल धानामागे अरवा, म्हणजे कच्चा तांदूळ 67 क्विंटल, उसना, म्हणजे उकडा असेल तर 68. हे सगळं मोटा, पतला, सरना अशा तीन जातींमध्ये वेगवेगळं. त्यात बारदान्याचा हिशेब, ट्रकभाडं, हमाली.

हा सगळा हिशेब एका सर्व्हरवर. आणि तो ज्यांना लागतो ती माणसं धमध्याच्या रस्त्यावर, बेमेतऱ्याकडे, रायपूरला, सीए राजनांदगावला. त्यांतल्या कुणालाही ‘टेबल’ म्हटलं तर जेवणाचंच आठवतं. त्यांच्यापर्यंत रोज ताजा आकडा पोचवायचा, ही माझी नोकरी.

साडेसहा

मिलमालक सेठजींना तक्ता नको असतो, फोटो हवा असतो. लिंक ते उघडत नाहीत, फाइल डाउनलोड करत नाहीत, पण व्हॉट्सॲपवर आलेला फोटो दोन बोटांनी मोठा करून बघतात. म्हणून त्यांच्यासाठी सर्व्हर तक्त्याचं चित्रच काढतो: सात ओळी, चार रकाने, मोठा टाइप. डीओ किती, उचल किती, बाकी किती, तांदूळ जमा किती. संगणकातली माणसं याला हसतात. चित्राची बेरीज करता येत नाही, चित्र गाळता-निवडता येत नाही. खरं आहे. पण चित्रात कुणाचा हात लागून आकडा बदलतही नाही, आणि ते शेतातल्या मोबाइलवरही उघडतं. ज्याला बेरीज करायची नाही त्याला बेरजेचं हत्यार कशाला द्यायचं?

चित्राच्या वर ठळक पट्टी असते: ‘आज सकाळी 5:40 पर्यंतचा’. सगळ्या तक्त्यांत मला विचाराल तर हीच ओळ सर्वांत मोलाची. आकडा चुकीचा असेल तर कुणीतरी ओरडतं. आकडा शिळा असेल तर कुणालाच कळत नाही.

आठ ते दहा

मुनीमजींचे फोन. हंगामात हे दोन तास त्यांचेच. बेमेतऱ्याकडचे मुनीमजी वयाने सगळ्यांत मोठे, लाल कापडी बांधणीच्या बहीवर आयुष्य काढलेले. गेल्या हंगामात त्यांनी मला एकच वाक्य ऐकवलं होतं, तेव्हा मी थोडी चिडलेच होते.

“दीदी, आपका कल का आंकडा आज बदल गया.”

मी सांगितलं, बदलणारच. सोसायटीच्या काट्यावर एक वजन, आमच्या काट्यावर दुसरं, दोन दिवसांनी मेळ बसतो आणि जुनी ओळ दुरुस्त होते. डेटाबेस असाच चालतो, ताजं तेच खरं. ते ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, बहीत आम्ही लिहिलेलं कधी खोडत नाही. चुकलं तर खाली नवी नोंद करतो, जमा किंवा नावे, आणि शेजारी कारण लिहितो. तुमच्या कागदावर काल 412 होते, आज 398 आहेत, मधले 14 क्विंटल कुठे गेले ते मी सेठजींना काय सांगू?

फोन ठेवल्यावर लक्षात आलं की हा माणूस मला माझ्याच धंद्यातली गोष्ट सांगतोय. दूर बसलेल्याला नव्या ओळींचा त्रास कधीच होत नाही. नवी ओळ दिसते, कळते. त्याला गोंधळात टाकते ती गुपचूप बदललेली जुनी ओळ. त्याने काल तो आकडा पाहिलेला असतो, कुणाला तरी तोंडी सांगितलेला असतो, त्यावर ट्रक पाठवलेला असतो. आज तो आकडा कुरकुर न करता दुसराच झाला तर त्याचा विश्वास फक्त त्या आकड्यावरून उडत नाही, अख्ख्या तक्त्यावरून उडतो. मग तो स्वतःची वही ठेवायला लागतो, आणि माझा डेटाबेस हा तीन मिलच्या तीन वह्यांपुढे चौथी वही होऊन बसतो.

आता सर्व्हर रोज रात्री कालच्या तक्त्याची प्रत राखून ठेवतो आणि आजच्याशी ओळीला ओळ लावून पाहतो. जिथे फरक पडला तेवढ्याच ओळी ‘बदल’ नावाच्या वेगळ्या पानावर येतात: सोसायटी, ट्रक, आधी किती, आता किती, आणि शेवटी ‘कारण’. पहिले सगळे रकाने यंत्र भरतं. कारणाचा रकाना माणसाने भरायचा, आणि तो रिकामा असेल तर ते पान पुढे जातच नाही. सकाळचा माझा अर्धा वेळ ही कारणं गोळा करण्यात जातो. “काटा फरक.” “डीओत दुरुस्ती.” “ओला धान, कटौती.” मुनीमजी आता मुख्य तक्ता उघडायच्या आधी हे पान वाचतात. बाकीचेही तेच करतात, म्हणे.

साडेदहा

धमधा मिलमध्ये नवा हिशेबनीस लागलाय, बीकॉम झालेला, उत्साही. त्याला सगळंच एक्सेलमध्ये हवं. एक्सेल हे फार गुणी अवजार आहे, पण त्याला न विचारता मदत करायची वाईट खोड आहे.

आज त्याने ट्रकमालकांच्या खात्यांची यादी सीएसव्ही फाइल म्हणून मागून घेतली आणि थेट उघडली. गेटपासच्या नंबरांची सुरुवातीची शून्यं गळाली. लॉट नंबर 3-12 होता, त्याची 3 डिसेंबर झाली. आणि सोळा आकडी बँक खात्यांचा शेवटचा आकडा सगळीकडे 0 झाला, कारण एक्सेल संख्येचे पहिले 15 आकडेच सांभाळतं, पुढच्या जागी शून्य भरतं. सोसायट्यांची देवनागरी नावं तर टोप्या घातलेल्या रोमन अक्षरांचा घोळका होऊन आली. भाडं त्या खात्यांवर सुटायच्या आत त्याने फोन केला, हे त्याचं शहाणपण.

त्याला म्हटलं, वाईट वाटून घेऊ नको, मोठमोठे यात अडकलेत. माणसाच्या काही जनुकांची नावं ‘मार्च1’, ‘सेप्ट1’ अशी होती. एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकायचं. शेवटी 2020 मध्ये नावं ठरवणाऱ्या शास्त्रज्ञांच्या समितीनेच माघार घेतली आणि जनुकांची नावं बदलली. एक्सेल तेव्हा जागचं हललं नाही. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये कोरोनाचे 15,841 रुग्ण आठवडाभर मोजणीतून गायब होते. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती जुन्या पद्धतीच्या एक्सेल फाइलीत भरली जात होती, तिच्यात 65,536 च्या पुढे ओळ मावत नाही, आणि न मावलेल्या ओळी बिनबोभाट गळल्या. आमच्या हंगामाच्या ओळी तेवढ्या होत नाहीत. पण धमध्याच्या संगणकावर तीच जुनी पद्धत अजून आहे, म्हणून मी सांगून ठेवलं.

मग सीएसव्ही बंद केली. आता त्याला तयार एक्सेल फाइल जाते: नंबराचे सगळे रकाने ‘मजकूर’ म्हणून बांधलेले, तारखेत महिना अक्षरांत. 3/12 हा आकडा कुणी कसाही वाचेल, ‘3 डिसें’ एकच प्रकारे वाचता येतं.

एक

जेवण. सासूबाई म्हणतात, फोनवर बोलणं म्हणजे काय काम झालं? तसं पाहिलं तर या राज्यात हे काम एकेकाळी मोटारसायकलवर झालेलं आहे. धानखरेदी 2007-08 च्या हंगामात संगणकावर आली तेव्हा कित्येक सोसायट्यांमध्ये इंटरनेट नव्हतं. तिथला दिवसाचा हिशेब घेऊन माणूस मोटारसायकलवरून जोडणी असलेल्या ठिकाणी जायचा आणि ताजी माहिती घेऊन परतायचा. माहिती सोसायटीतच भरली जायची आणि तरी रायपूरपर्यंत पोचायची. सासूबाईंना ही गोष्ट आवडली. त्यात निदान कुणीतरी घराबाहेर पडत होतं.

दोन ते चार

सेठजींचा फोन. “मालिक मैं हूँ, तो पासवर्ड मेरे पास क्यों नहीं?”

दर हंगामात एकदा हा प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मी बॅकअपचं, सुरक्षेचं व्याख्यान द्यायचे. आता विचारते: तिजोरीची किल्ली तुमच्याकडे आहे, पण रोकड रोज कोण मोजतं? ते हसतात आणि विषय पुढच्या हंगामावर जातो.

खरं उत्तर असं की मूळ टेबलात मी सोडून कुणीच जात नाही, आणि मीही हंगामात जपूनच जाते. बाहेरच्या प्रत्येकासाठी एकेक ‘व्ह्यू’ आहे, म्हणजे मूळ टेबलांतून त्याच्यापुरतं काढून दाखवलेलं पान. वाहतूकवाल्याला ट्रक आणि फेऱ्या दिसतात, भावाचे करार दिसत नाहीत. मुनीमजींना आपली मिल दिसते, शेजारची नाही. सीएला रकमा दिसतात, हमालांच्या उचलीत कुणी किती घेतलं ते दिसत नाही. सगळ्यांना वाचता येतं, लिहिता कुणालाच येत नाही. व्ह्यूची आतली जुळवणी मी वर्षात किती वेळा मोडून पुन्हा बांधली त्याचा त्यांना पत्ताही नाही. तसंच असायला हवं: आयबीएमच्या एडगर कॉड यांनी 1970 मध्ये रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडली, तेव्हा लेखाच्या सुरुवातीलाच त्यांचा आग्रह हा होता की माहिती यंत्राच्या आत कशी रचली आहे, हे वापरणाऱ्याला कळावं लागू नये.

चारच्या सुमाराला परवानग्यांच्या यादीतून एक नाव काढून टाकलं. वाहतूकवाल्याकडचा एक माणूस काम सोडून गेला होता, पण त्याची लिंक चालूच होती. दिलेली परवानगी काढायची आठवण कुणालाच नसते, म्हणून सोमवारी मी यादी वाचून दाखवायचा परिपाठ ठेवलाय: हा अजून आहे का, हा आहे का.

पाच

ताजा आकडा पोचवणं यंत्र करतं. शिळा आकडा परत आणणं कुणालाच जमत नाही. पाठवलेली प्रत्येक फाइल, प्रत्येक फोटो कुणाच्या तरी मोबाइलमध्ये राहतो आणि नको तेव्हा उठून बसतो.

डिसेंबरात एक ट्रक पाटणकडच्या एका सोसायटीत रिकामा जाऊन रिकामा परतला. तिथली बाकी आदल्या दिवशीच उचलून झाली होती. ड्रायव्हरकडे फोटो होता, फोटोत बाकी होती. पट्टीवर तारीखही होती, पण फोटो चार ग्रुपांतून फिरत आलेला, आणि भर रस्त्यात, कंडक्टरच्या हातातल्या फोनवर, तारीख कोण वाचतो?

त्यानंतर पट्टीला रंग दिला. सोमवार पिवळा, मंगळवार हिरवा, बुधवार निळा, असा वाराप्रमाणे. सकाळी ग्रुपवर मी फक्त रंग लिहिते. आता ड्रायव्हर फोनवर विचारतात, “आज हरा है ना?” कुणाच्या हातात पिवळं दिसलं तर शेजारचाच म्हणतो, फेक तो. एवढी वर्षं या कामात घालवून माझं सर्वांत यशस्वी तंत्र हे निघालं, ज्यात कोडची एकच ओळ बदलावी लागली. गेल्या सोमवारचा पिवळा या सोमवारी निघू शकतो, हे मला ठाऊक आहे. पण आठवडाभर जुना फोटो घेऊन निघणारा ड्रायव्हर अजून भेटलेला नाही.

रात्री साडेआठ

दिवे लागल्यावर काट्यांवरची गर्दी ओसरते. सर्व्हरवर एक नजर, तिन्ही मिलमधून शेवटची नोंद कधी आली ते. दोन आल्या, धमध्याची साडेसहानंतर नाही. फोन केला तर वीज गेलेली. काट्यावर नोंदी कागदावर चालू आहेत, वीज आली की भरतील. उद्याच्या पट्टीवर धमध्यापुढे वेगळी वेळ छापायची सोय केली. दोन मिलची वेळ सकाळची आणि तिसरीची काल संध्याकाळची, असं एकाच चित्रात दिसलं पाहिजे.

तेवढ्यात राजनांदगावहून सीएंचा निरोप. ‘बदल’चं पान त्यांना आवडलंय, ऑडिटसाठी महिन्याभराचं छापून हवंय. मी आडवं बसवून पाठवलं, सगळे रकाने एका ओळीत मावतात म्हणून. दहा मिनिटांत उत्तर: उभं पाहिजे, ए-फोर. त्यांच्या फायलीत भोकं डाव्या बाजूला पडतात.