‘सर्व्हर डाऊन आहे’ म्हणजे नेमके काय?

शिष्यवृत्तीच्या अर्जाचा शेवटचा दिवस होता. घनसावंगी तालुक्यातली एक मुलगी सगळी कागदपत्रे घेऊन नेट कॅफेत गेली. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, बँकेचे पासबुक, सगळे तिच्याजवळ होते. दोन तास बसवून ठेवल्यावर तिला सांगण्यात आले, ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ पण मुदत त्याच रात्री संपत होती.

आम्ही काही जण जालना शहरात विहाराला लागून असलेल्या अभ्यासिकेत संध्याकाळी मुलांचे अर्ज भरून देतो. दुसऱ्या दिवशी ती मुलगी आमच्याकडे आली तेव्हा कळले, की आदल्या दिवशी त्याच वेळेला आमच्याकडच्या चार मुलांचे अर्ज त्याच संकेतस्थळावर व्यवस्थित भरले गेले होते. म्हणजे सर्व्हर चालू होता. रस्त्याच्या खोदकामात त्या भागातली केबल तुटली होती आणि कॅफेचे नेट बंद पडले होते. वाईट याचे वाटले, की त्या दोन तासांत तिच्या पिशवीतल्या मोबाइलवर नेट सुरू होते. तिथून अर्ज भरता आला असता. पण ‘सर्व्हर डाऊन’ हे शब्द ऐकल्यावर पुढे काय विचारायचे, हे तिला माहीत नव्हते. तिच्या घरी कोणालाही माहीत नव्हते.

आज प्रवेश, शिष्यवृत्ती, परीक्षेचे अर्ज, दाखले, पीकविमा, सगळे इंटरनेटवरून होते. तेव्हा इंटरनेट कसे चालते, हे जाणून घेणे फक्त इंजिनिअरचे काम राहिलेले नाही. म्हणून आम्ही हा लेख लिहीत आहोत. यात अवघड काही नाही.

नेटवर्क आणि इंटरनेट

दोन किंवा अधिक संगणक एकमेकांशी बोलू शकतील असे जोडले, की त्याला नेटवर्क म्हणतात. आमच्या अभ्यासिकेत तीन संगणक आणि एक प्रिंटर राउटरला जोडलेले आहेत. बाहेरचे नेट बंद पडले तरी या संगणकांवरून त्या प्रिंटरवर कागद छापता येतो, कारण आतले नेटवर्क शाबूत असते. अशी जगभरातली असंख्य लहान-मोठी नेटवर्क एकमेकांना जोडून जे जाळे तयार झाले, ते इंटरनेट. या सगळ्या जाळ्याचा कोणी एक मालक नाही. सगळ्यांनी बोलण्याचे सारखे नियम मान्य केले आहेत, म्हणून ते चालते. या नियमांना प्रोटोकॉल म्हणतात.

याची सुरुवात अमेरिकेत झाली. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी कॅलिफोर्नियातील दोन संस्थांमधल्या संगणकांत पहिला संदेश गेला. ‘लॉगिन’ हा शब्द पाठवायचा होता. इंग्रजीतली पहिली दोन अक्षरे पोहोचली आणि पलीकडची यंत्रणा बंद पडली. म्हणजे बिघाड पहिल्या संदेशापासूनच सोबत आहे. १ जानेवारी १९८३ पासून त्या नेटवर्कने टीसीपी-आयपी हे नियम स्वीकारले. आजही आपले मोबाइल त्याच घराण्यातल्या नियमांनी बोलतात. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले.

अर्ज कुठून कुठे जातो?

इंटरनेट हवेतून येते, असे पुष्कळांना वाटते. हवेतला भाग फार थोडा असतो. आपला मोबाइल रेडिओ लहरींनी जवळच्या टॉवरशी बोलतो, तेवढाच प्रवास आपल्या बाजूला हवेतून होतो. काही टॉवर पुढच्या टॉवरशीही डिशने जोडलेले असतात. पण त्यापुढची मोठी वाट जमिनीखालच्या फायबर केबलची आहे. केसासारख्या बारीक काचेच्या तंतूतून प्रकाशाच्या रूपाने माहिती धावते. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर असतो. जालना ते मुंबई हे अंतर ४०० किलोमीटरच्या आसपास धरले, तर प्रकाशाला तेवढ्या अंतरासाठी सेकंदाचा पाचशेवा भाग पुरतो. परदेशाकडे जाणाऱ्या समुद्राखालच्या केबलही मुंबईच्या किनाऱ्यावर येऊन मिळतात.

म्हणजे अंबड किंवा भोकरदनमध्ये बसून भरलेला अर्ज मोबाइलमधून टॉवरवर, तिथून कंपनीच्या फायबरवर, मग एकेका राउटरवरून पुढे जात शेवटी ज्या संगणकावर संकेतस्थळ ठेवले आहे तिथे पोहोचतो. तो संगणक म्हणजे सर्व्हर. सर्व्हर म्हणजे सेवा देणारा. कार्यालयातल्या खिडकीपलीकडे बसलेल्या लिपिकासारखे त्याचे काम असते. आपण मागणी करतो, तो उत्तर देतो. या साखळीतली कोणतीही कडी निखळली, तरी पडद्यावर आपल्याला एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे पान उघडत नाही. त्यामुळे सगळा दोष सर्व्हरच्या नावावर जातो.

माहितीचे कॅरेट

आपला दाखला एकसंध जात नाही. त्याचे लहान तुकडे होतात. त्यांना पॅकेट म्हणतात. जालन्याच्या मोसंबीचे उदाहरण घेऊ. बागेतला सगळा माल एका ढिगात पाठवत नाहीत, कॅरेट भरतात. समजा, प्रत्येक कॅरेटवर क्रमांक आणि पत्ता लिहिला. काही कॅरेट समृद्धी महामार्गाने गेले, काही जुन्या रस्त्याने. पुढे-मागे पोहोचले तरी व्यापारी क्रमांक पाहून ते ओळीने लावील. बारावे कॅरेट आले नाही, तर फोन करून तेवढेच पुन्हा मागवील. टीसीपी नेमके हेच काम करतो. एका पॅकेटमध्ये साधारण दीड हजार बाइट मावतात. म्हणजे २५० केबीच्या दाखल्याची सुमारे पावणेदोनशे पॅकेट होतात. प्रत्येक मालाची पोच मिळावी लागते, हरवलेले तुकडे पुन्हा पाठवले जातात. रेंज कमी असताना अपलोड नव्वद टक्क्यांवर अडकून बसते, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

व्हिडिओ कॉलची गोष्ट वेगळी आहे. तिथे हरवलेला तुकडा पुन्हा मागवण्यात अर्थ नसतो, कारण तोवर बोलणे पुढे गेलेले असते. म्हणून कॉलमध्ये चित्र मध्येच फाटते, पण संभाषण सुरू राहते.

यातून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. पाठवणे वेगळे आणि पोहोचणे वेगळे. व्हॉट्सॲपवर एक खूण दिसली तर संदेश कंपनीच्या सर्व्हरपर्यंत गेलेला असतो, दोन खुणा दिसल्या तर समोरच्याच्या मोबाइलपर्यंत. अर्जाचेही तसेच आहे. ‘सबमिट’ दाबले म्हणजे अर्ज पोहोचला, असे समजू नये. अर्ज क्रमांक आला, पावती डाउनलोड झाली, तरच तो पोहोचला.

पत्ता आणि नाव

इंटरनेटवरच्या प्रत्येक उपकरणाला एक आकडी पत्ता लागतो. त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. जुन्या पद्धतीत शून्य ते २५५ मधले चार आकडे असतात. असे एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते होतात. जगाची लोकसंख्याच ८०० कोटींच्या वर आहे, त्यामुळे हे पत्ते पुरत नाहीत. म्हणून एका घरातले किंवा कॅफेतले सगळे संगणक बाहेर जाताना राउटरचा एकच पत्ता वापरतात आणि आलेले उत्तर कोणाचे, ते राउटर लक्षात ठेवतो. आयपी आवृत्ती सहा या नव्या पद्धतीत पत्त्यांची टंचाई नाही.

आकडे माणसाच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून नावे आली. आपण संकेतस्थळाचे नाव टाकतो आणि डीएनएस नावाची यंत्रणा त्याचा आकडी पत्ता शोधून देते. मोबाइलमध्ये नाव दाबले की नंबर लागतो, तसेच हे. २०१४ पासून देवनागरीत ‘.भारत’ने संपणारी नावेही घेता येतात.

नाव वाचायची एक पद्धत आहे. पहिल्या तिरक्या रेषेच्या आधीचा भाग घ्यावा आणि तो शेवटाकडून वाचावा. भारतातल्या सरकारी संकेतस्थळांची नावे साधारणपणे ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘डॉट एनआयसी डॉट इन’ने संपतात. फसवणारे लोक हीच अक्षरे नावाच्या मध्ये घालतात आणि शेवट वेगळाच ठेवतात. कुलपाचे चिन्ह दिसले म्हणून निर्धास्त होऊ नये. वाटेत कोणी माहिती वाचू शकणार नाही, एवढेच ते कुलूप सांगते. पलीकडे बसलेला माणूस प्रामाणिक आहे की नाही, हे ते सांगत नाही. पैशांची फसवणूक झालीच, तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

दोष कुठे आहे, कसे ओळखावे?

आता मूळ प्रश्न. पान उघडत नसेल तर आम्ही या क्रमाने पाहतो.

१. दुसरे एखादे संकेतस्थळ उघडते का? तेही उघडत नसेल, तर अडचण आपल्याच बाजूला आहे.

२. वायफाय जोडलेले दिसते, पण नेट नाही? मग मोबाइल आणि राउटरमधला संबंध ठीक आहे, अडचण राउटरच्या पुढे आहे. फायबरच्या मोडेमवर एलओएस नावाचा दिवा लाल झाला असेल, तर बाहेरून प्रकाश येत नाही. बहुधा केबल तुटली किंवा निघाली आहे.

३. मोबाइल डेटावर तेच पान उघडून पाहावे. उघडले, तर हॉटस्पॉट लावून काम पूर्ण करावे.

४. दुसऱ्या गावातल्या, दुसऱ्या कंपनीचे सिम असलेल्या ओळखीच्या माणसाला फोन करून तेच पान उघडायला सांगावे.

५. पडद्यावर कोणता आकडा आहे? ४०४ म्हणजे सर्व्हर भेटला, पण मागितलेले पान तिथे नाही. ५०० ते ५०४ म्हणजे अडचण पलीकडच्या बाजूला आहे. ५०३ बहुधा गर्दीमुळे किंवा देखभालीमुळे येतो. शेवटच्या दिवशी सगळ्यांनी एकाच खिडकीवर रांग लावल्यासारखे ते असते.

दुसऱ्या गावात, दुसऱ्या सिमवरही पान उघडत नसेल किंवा ५०० ते ५०४ मधला आकडा दिसत असेल, तर अडचण बहुधा सर्व्हरच्याच बाजूला आहे. तेव्हा तारीख आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढून ठेवावा. मुदतवाढीसाठी किंवा तक्रारीसाठी महाविद्यालयाकडे, समाजकल्याण कार्यालयाकडे जाताना तोंडी सांगण्यापेक्षा तो कागद उपयोगी पडतो.

नेट बंद केले जाते तेव्हा

कधी कधी बिघाड नसतो, आदेश असतो. मराठा आरक्षण आंदोलनाच्या काळात २६ फेब्रुवारी २०२४ रोजी जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांत काही तास इंटरनेट सेवा बंद ठेवण्यात आली होती. अशा वेळी केबल आणि टॉवर शाबूत असतात. कंपन्या आदेशानुसार त्या भागातल्या ग्राहकांना बाहेरच्या जाळ्याशी जोडत नाहीत. साधा फोन पुष्कळदा चालू राहतो, कारण तो कंपनीच्या स्वतःच्या नेटवर्कमधून नेता येतो, त्यासाठी खुल्या इंटरनेटची गरज नसते.

असे आदेश कोणाच्या मर्जीवर सोडलेले नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन प्रकरणात सांगितले, की इंटरनेट अनिश्चित काळासाठी बंद ठेवता येणार नाही आणि बंदीचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, म्हणजे लोकांना त्यांना आव्हान देता येईल. नंतरच्या नियमांनी एका आदेशाची कमाल मुदत १५ दिवस ठरवली. शांतता राखण्याची गरज असेल, ती असू द्या. पण ज्या दिवशी नेट बंद होते, त्याच दिवशी एखाद्या अर्जाची मुदत संपत असेल, तर त्या विद्यार्थ्याची चूक काय? बंदीच्या आदेशाची प्रत जोडून मुदतवाढ मागणे हे आपले काम आहे.

गावात काय विचारावे?

ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या योजनेला केंद्र सरकारने २०११ मध्ये मंजुरी दिली. पुढे तिचे नाव भारतनेट झाले. आपल्या गावात केबल आली असेल, तर ग्रामसभेत तीन प्रश्न विचारावेत. केबल कार्यालयापर्यंत आली आहे, पण जोडणी सुरू आहे का? वीज गेल्यावर यंत्र चालते का? शाळा, अंगणवाडी, वाचनालय यांना ती जोडणी मिळाली आहे का? केबल पुरली म्हणजे नेट आले असे होत नाही.

वर दिलेले पाच मुद्दे आम्ही मोठ्या अक्षरांत लिहून अभ्यासिकेच्या भिंतीवर लावले आहेत. वाचकांनीही ते आपल्या गावातल्या विहारात, वाचनालयात, वसतिगृहात लावावेत, आणि अर्जाला शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नये. घनसावंगीच्या त्या मुलीला त्या वर्षी फी उसनवारीने भरावी लागली. आता ती सुट्टीत गावाकडे गेली, की धाकट्या मुलांचे अर्ज स्वतःच्या मोबाइलवरून भरून देते. मागच्या महिन्यात तिचा फोन आला होता. तिने पहिलाच प्रश्न विचारला, ‘दादा, तुमच्याकडे ती साईट उघडते का बघा बरं.’